फुकट जाणाऱ्या धुराची कमाई

टाटा हॅरिअर, जीप कंपास आणि एमजी हेक्टर. तिन्ही गाड्या एकाच गिऱ्हाइकाच्या मागे लागलेल्या. पहिली आपल्या टाटांची, दुसरी अमेरिकी नावाची, तिसरीचं नाव इंग्रजी तर कंपनी चिनी मालकीची. २०१९ साली या तिघींपैकी कोणतीही डिझेल गाडी घेऊन तिचं बॉनेट उघडलं असतंत, तर आत एकाच घराण्याचं दोन लिटरचं टर्बो डिझेल इंजिन दिसलं असतं. ते बांधलं गेलं होतं शिरूर तालुक्यात, रांजणगावच्या एमआयडीसीत. महागणपतीच्या देवळापासून काही मिनिटांच्या अंतरावर!

बाजारात एकमेकींशी झुंजणाऱ्या गाड्या आणि छातीत हृदय एकच. हे कसं जमतं? एका गाडीसाठी आखलेलं इंजिन दुसरीत बसतं कसं? आणि दोन लिटरच्या इंजिनातून १७० अश्वशक्ती निघते तरी कुठून? त्यासाठी आधी त्या इंजिनाच्या कडेला लटकलेल्या, गोगलगाईच्या आकाराच्या एका लोखंडी डब्याकडे वळू. त्याचं नाव टर्बोचार्जर. मिस्त्री लोकांच्या तोंडी नुसता ‘टर्बो’.

इंजिनाची भूक आधी समजून घेऊ. आपण म्हणतो गाडी डिझेल पिते, पण वजनात बघाल तर ती डिझेलच्या कितीतरी पट हवा खाते. १२४८ सीसीचं इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांनी फिरत असेल तर त्याच्या चार सिलिंडरांतून मिनिटाला सुमारे बाराशे लिटर हवा जाते. जास्त ताकद हवी तर जास्त डिझेल जाळावं लागेल, आणि जास्त डिझेल जाळायचं तर जास्त हवा लागेल. पिस्टन खाली जाताना जेवढी हवा आत ओढली जाते, त्यापेक्षा जास्त साधं इंजिन घेऊच शकत नाही. त्यातून पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच. मुंबईपेक्षा इथली हवा पाच-सहा टक्के विरळ. म्हणजे साधं इंजिन घाट चढून वर आलं की जन्मभर थोडं उपाशीच.

आता दुसरं टोक बघा. जाळलेल्या इंधनातली साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याची ऊर्जा सायलेन्सरमधून सरळ बाहेर जाते. धूर तापलेला असतो, दाबाखाली असतो, सुसाट निघालेला असतो. आपण डिझेलचे पैसे मोजतो आणि त्यातला एवढा मोठा वाटा रस्त्यावर सोडून देतो.

केडगाव-पाटसच्या बाजूला गुऱ्हाळ पाहिलं असेल, तर टर्बो समजायला वेळ लागणार नाही. उसाचा रस काढला की चिपाड उरतं. ते कुणी फेकून देत नाही. वाळवून त्याच काहिलीखालच्या चुलवणात घालतात आणि त्याच उसाचा रस त्याच उसाच्या चिपाडावर आटतो. टर्बोनं धुराच्या बाबतीत नेमकं हेच केलं. इंजिनातून निघालेला धूर एका छोट्या चाकावर आदळतो, चाक फिरतं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक असतं. ते बाहेरची हवा ओढून, दाबून, इंजिनात कोंबतं. इंजिनाचाच धूर इंजिनाला घास भरवतो.

ही कल्पना किती जुनी असेल? १९०५! स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या इंजिनिअरनं त्या वर्षी तिचं पेटंट घेतलं. मोटारगाडीच तेव्हा अजून रांगत होती. पण कल्पना सुचणं वेगळं आणि ती धुराच्या भट्टीत टिकवणं वेगळं. ब्यूखीला खरं यश यायला १९२५ उजाडलं. मोठ्या डिझेल इंजिनाची ताकद त्यानं चाळीस टक्क्यांहून जास्त वाढवून दाखवली. वीस वर्षं एका कल्पनेचा पिच्छा सोडला नाही या माणसानं.

वीस वर्षं का लागली, ते टर्बो हातात घेतल्यावर कळतं. एखाद्या गॅरेजात जुना, उघडलेला टर्बो पडलेला असतोच. मिस्त्रीला विचारून उचलून बघा. छोट्या गाडीच्या टर्बोतलं हवेकडचं चाक जेमतेम चार सेंटीमीटरचं, ॲल्युमिनियमचं, पाती वळणदार आणि कडेला कागदासारखी पातळ. धुराकडचं चाक काळवंडलेलं, निकेलच्या मिश्रधातूचं, कारण त्याला ७००-८०० अंशांचा धूर झेलायचा असतो. दोन्हींच्या मध्ये पेन्सिलीएवढा दांडा. बोटानं फिरवलात तर आवाज न करता गरगरतो.

हा दांडा मिनिटाला दोन लाख फेऱ्यांपर्यंत जातो. दोन लाख! सेकंदाला तीन हजार तीनशेहून जास्त. गाडीचं इंजिन स्वतः जीव तोडून पळालं तरी मिनिटाला पाच हजारांच्या आसपास दमतं. हिशेब मांडा. चार सेंटीमीटरच्या चाकाची कड या वेगात सेकंदाला सुमारे ४२० मीटर धावते, ताशी पंधराशे किलोमीटर. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर. म्हणजे तुम्ही शिरूरच्या बाजारात भाजी आणायला निघालेले असता आणि तुमच्या बॉनेटखाली एक चाक ध्वनीपेक्षा वेगानं फिरू शकत असतं.

इतक्या वेगाला बॉल बेअरिंग लावावं, तर बहुतेक गाड्यांच्या टर्बोत तेही नसतं. दांडा एका पितळी बुशात असतो, बुश स्वतः सैल असतो, आणि दांडा व बुश, बुश व घर यांच्यामध्ये असतो इंजिन ऑइलचा थर. जाडी मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकी. फिरायला लागल्यावर दांडा धातूला शिवतच नाही, ऑइलवर तरंगतो. एका बाजूला लालबुंद होईल एवढी आग, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा, मध्ये काही सेंटीमीटर अंतर, आणि सगळा संसार त्या ऑइलच्या पातळ पापुद्र्यावर. मला टर्बोतलं सगळ्यात मोठं नवल हेच वाटतं. ताकद कुणीही मोजून सांगेल, पण ही तरंगती मांडणी लाखो किलोमीटर टिकते याला काय म्हणावं?

हवा दाबली की तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड हाताला चटका देतं ते याच कारणानं. दुप्पट दाबाला नेलेली हवा शंभर अंशांच्या वर जाते, आणि तापलेली हवा पसरते. म्हणजे कोंबायला गेलो ते काही प्रमाणात परत हातातून निसटलं. म्हणून मध्ये इंटरकूलर येतो, हवेसाठीचा रेडिएटर. हवा त्यातून थंड होऊन, आक्रसून इंजिनात शिरते.

दौंडकरांनी टर्बोचा आणखी एक गुण अनेक वर्षं डोळ्यांनी पाहिला आहे. पुणे-दौंड मार्गावर विजेची तार येण्याआधी इथं डिझेल इंजिनांचंच राज्य होतं. डब्ल्यूडीएम-२ जातीचं इंजिन आठवा. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती, मूळ आराखडा अमेरिकेच्या ॲल्को कंपनीचा, बांधणी वाराणसीची. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडला सोडवायचं, दुसऱ्या टोकाला जोडायचं आणि उलट दिशेनं निघायचं, हा तिथला नित्याचा कार्यक्रम. त्यामुळे इंजिनाचं टोक बदलणं हे दौंडच्या फलाटावर चहा पिता पिता बघायचं दृश्य होतं. ड्रायव्हरनं गाडी उचलली की इंजिनाच्या डोक्यातून काळ्याकुट्ट धुराचा लोट उसळायचा. थोड्या वेळानं धूर निवळायचा आणि गाडी वेग घ्यायची.

तो काळा लोट का यायचा? डिझेल लगेच पोहोचतं, हवा उशिरा. टर्बोला फिरायला धूर लागतो, धूर व्हायला जास्त इंधन जळावं लागतं, आणि जास्त इंधन जळायला टर्बोची हवा लागते. आधी कोण, मग कोण? या पेचात जी काही सेकंदं जातात, तेवढ्यात अर्धवट जळालेलं डिझेल काजळी होऊन बाहेर पडतं. गाडीवाले याला ‘टर्बो लॅग’ म्हणतात.

तीच गोष्ट तुम्हाला न्हावरे-चौफुला रस्त्यावर पायाखाली जाणवेल. समोर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर. तुमची जुनी डिझेल स्विफ्ट तिसऱ्या गिअरमध्ये, काटा चौदाशेवर. ॲक्सिलरेटर दाबला. काही नाही. गाडी नुसती घुरघुरते. सोळाशे, सतराशे… आणि अचानक पाठ सीटला टेकते, बारीक शिट्टी ऐकू येते, ट्रॅक्टर आरशात. त्या क्षणी टर्बोचं चाक रंगात आलेलं असतं.

त्या स्विफ्टमधलं इंजिन हा या गोष्टीचा खरा नायक. फियाटचं १.३ मल्टीजेट. १२४८ सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, वजन साधारण १४० किलो. २००३ साली युरोपात आलं. सिलिंडरचा व्यास ६९.६ मिलिमीटर, म्हणजे आत चहाचा मोठा कपही बसणार नाही. याच्या कॉमन रेलमध्ये, म्हणजे चारही सिलिंडरांना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीत, डिझेलचा दाब १६०० बारपर्यंत चढतो, म्हणजे नखाएवढ्या एक चौरस सेंटीमीटर जागेवर सोळाशे किलोहून जास्त भार. आणि ते डिझेल एका दमात ओतलं जात नाही. एकाच स्फोटासाठी पाचपर्यंत वेगवेगळे फवारे मारता येतात. आधी चिमूटभर, म्हणजे आग हळुवार पेटावी, मग मुख्य घास, मग गरजेप्रमाणे शेवटचे थेंब. दोन हजार फेऱ्यांवर चार सिलिंडर मिळून सेकंदाला सत्तरच्या जवळपास स्फोट होतात. प्रत्येकाचे फवारे मोजून, वेळ साधून. जुन्या डिझेल गाडीचा तो ठकठक आवाज कमी झाला तो याच चिमूटभर पहिल्या फवाऱ्यामुळे.

आता आपल्या घरची तुलना. १९९८ च्या अखेरीस आलेली टाटा इंडिका आठवते? तिचं डिझेल इंजिन १४०५ सीसीचं, टर्बोशिवायचं. अश्वशक्ती त्रेपन्न-चोपन्न, ओढ म्हणजे टॉर्क ८५ न्यूटन मीटर. पुढे टाटांनी त्याच इंजिनावर टर्बो चढवला आणि अश्वशक्ती सत्तरच्या आसपास पोहोचली. मग २००८ च्या इंडिका व्हिस्टात फियाटचं १२४८ सीसीचं इंजिन आलं, ‘क्वाड्राजेट’ या नावानं. आकारानं लहान, अश्वशक्ती ७५, टॉर्क १९० न्यूटन मीटर, तोही अवघ्या १७५० फेऱ्यांवर. इंजिन दीडशे सीसीनं घटलं आणि ओढ दुपटीहून जास्त झाली! रोजच्या गाडीला हवी असते ती हीच ओढ, खालच्या फेऱ्यांवरची. मागे तीन माणसं, डिकीत कांद्याची गोणी आणि समोर दिवे घाट असला की कमाल अश्वशक्तीचा आकडा कुणी विचारत नाही.

हे इंजिन भारतात कुठं कुठं शिरलं याची यादी बघितली तर चक्रावून जायला होतं. फियाटची लिनिया आणि ग्रांदे पुंतो, टाटांची व्हिस्टा, मांझा, झेस्ट. मारुतीची स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, अर्टिगा, सियाझ, ब्रेझा. शेवरोलेची सेल आणि एन्जॉय. मारुतीसाठी ते परवान्यानं हरियाणात मानेसरला बनत होतं, पण स्विफ्टला मागणी एवढी उसळली की ते पुरेना. जानेवारी २०१२ मध्ये मारुतीनं थेट फियाटशी करार केला, वर्षाला एक लाख इंजिनं घेण्याचा. कुठून? रांजणगावहून! तेव्हा त्या कारखान्यात फियाट आणि टाटा भागीदार होते. म्हणजे टाटांची भागीदारी असलेल्या कारखान्यातलं इंजिन टाटांच्याच प्रतिस्पर्ध्याच्या गाडीत जाऊन बसत होतं. लोक त्याला गमतीनं ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं.

एकाच इंजिनाचे ७५ अश्वशक्ती आणि ९० अश्वशक्ती असे दोन अवतार होते, तेही सीसी न बदलता. मोठ्या अवतारात टर्बोच्या धुराकडच्या चाकाभोवती हलणाऱ्या पात्यांचं कडं असतं. धूर कमी असेल तेव्हा पाती जवळ येतात, वाट अरुंद होते, धूर जोरात घुसतो. धूर वाढला की पाती उघडतात. लहान टर्बोची चपळाई आणि मोठ्याचा दम एकाच डब्यात. त्या भट्टीत बसून ती पाती दिवसातून हजारो वेळा हलतात, हे विसरू नका.

इतक्या गाड्यांत एकच इंजिन बसलं, मग आपल्या जुन्या गाडीत का नाही? हा प्रश्न शिरूर-दौंडच्या कुठल्याही गॅरेजात निघतो. अपघातात गेलेल्या स्विफ्टचं इंजिन मिळतं, चेन ब्लॉक आहे, वेल्डिंग आहे, हिंमत आहे. बसवू या!

इंजिन उचलून आत ठेवणं हा यातला सगळ्यात सोपा भाग. आधी फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्या रबरी ठोकळ्यांवर टेकतं ते. डिझेलचा धक्का पेट्रोलपेक्षा जोरकस, त्यामुळे जुने ठोकळे चालत नाहीत, जागाही जुळत नाही. मग गिअरबॉक्स. ८०-१०० न्यूटन मीटरसाठी बनलेल्या गिअरबॉक्सला १९० दिले तर दात टिकणार नाहीत, म्हणून इंजिनाबरोबर त्याचाच गिअरबॉक्स आणि क्लच प्लेट घ्यावी लागते. गिअरबॉक्स बदलला की चाकांकडे जाणारे शाफ्ट लांबीला जुळत नाहीत. रेडिएटर लहान पडतो. इंटरकूलरला हवा लागेल अशी जागा शोधावी लागते. टाकीकडे परतणाऱ्या डिझेलची वेगळी नळी टाकावी लागते. पुढचा भाग जड झाला म्हणून स्प्रिंग बदलायच्या. आणि गाडी आता जोरात पळणार, तर ब्रेक?

एवढं जमलं तरी किल्ली फिरवल्यावर गाडी सुरू होईलच असं नाही. कारण या इंजिनाला मेंदू आहे. डझनावारी सेन्सर त्याला सांगत असतात: हवा किती आली, रेलमध्ये दाब किती, क्रँक नेमका कुठं आहे, पाणी किती तापलंय. त्यावरून तो फवाऱ्याची वेळ मिलिसेकंदाच्या बारीक वाट्यांत ठरवतो. त्याला मूळ गाडीची किल्ली ओळखीची असते, अनोळखी किल्लीला तो दाद देत नाही. मनगटाएवढा जाड वायरिंग हार्नेस एका गाडीतून सोडवून दुसरीत एकेक तार तपासत जोडणं, हे काम करणाऱ्या वायरमनचे हात मला सर्जनइतके मोलाचे वाटतात. नीट केलेलं असं काम पाहिलं की टोपी काढावीशी वाटते.

पेट्रोल गाडीवर नुसता टर्बो चढवणं तर आणखी नाजूक. पेट्रोल जास्त दाबाखाली ठिणगीची वाट न बघता स्वतःच पेटतं आणि पिस्टनवर घाव बसतात. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर ही अगदी पहिल्या टर्बो मोटारींपैकी एक निघाली, तेव्हा हे टाळायला तिच्यात पाणी आणि मिथेनॉलच्या मिश्रणाची वेगळी टाकी दिली होती. मालक ती भरायलाच विसरायचे! रोज वापरायच्या गाडीत टर्बो खऱ्या अर्थानं रुळला तो १९७० च्या दशकाच्या शेवटी, स्वीडनच्या साबच्या ९९ टर्बोमुळे. टर्बो लहान ठेवा, खालच्या फेऱ्यांवरच हवा देऊ द्या आणि दाब जास्त झाला की जादा धूर एका झडपेनं बाजूला काढा, हा त्यांचा शहाणपणा. आज रांजणगावात तयार होणाऱ्या टाटा नेक्सॉनच्या १.२ लिटर, तीन सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनावरही टर्बोच असतो.

शेवटी कायदा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसी बुकात नोंदलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे ठासून सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. इंजिनाचा नंबर आरसीवर असतो, इंधनाचा प्रकारही. जुळला नाही तर अपघातानंतर विमा कंपनीपुढे तुम्ही उघडे पडता. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. अभ्यासासाठी, खाजगी जागेत फिरवण्यासाठी इंजिन बदलून बघा, त्यासारखी शाळा नाही. बायको-मुलांना घेऊन रोज ज्या गाडीतून जायचं, तिच्यात आरटीओच्या लेखी मंजुरीशिवाय हात घालू नका.

१ एप्रिल २०२० ला प्रदूषणाचे बीएस-६ हे कडक नियम लागू झाले आणि १.३ मल्टीजेटची भारतातली कारकीर्द संपली. पण ती इंजिनं अजून लाखोंनी रस्त्यावर आहेत. कदाचित तुमच्याच दारात एखादं उभं असेल. असेल तर दोन गोष्टी करा. लांबून जोरात पळवून आल्यावर लगेच किल्ली फिरवू नका, मिनिटभर गाडी नुसती चालू ठेवा. इंजिन बंद झालं की ऑइलचा पंप थांबतो, आणि तापलेल्या दांड्याभोवतीचं ऑइल जागच्या जागी करपतं. आणि ऑइल कंपनीनं सांगितलेल्या प्रतीचंच घाला, सांगितलेल्या किलोमीटरला बदला. पाचशे रुपये वाचवायला जाल आणि अख्खा टर्बो बदलायची पाळी येईल.